डगल्यासकट भरती

पलटणीत माझी भरती झाली ती एका बाहीपायी.

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत आणि धंदा शिंप्याचा. अब्बा दरबारच्या पलटणीचे डगले-पाटलोणी शिवायचे. महाराजांची कारकीर्द तेव्हा ऐन भरात होती. गल्लोगल्ली तालमी घुमत होत्या आणि प्रत्येक बापाला वाटे, पोरगं एक तर पैलवान व्हावं, नाहीतर दरबारात कुठंतरी चिकटावं. आमच्या अब्बांना यातलं काही वाटत नसे. त्यांना वाटे, पोरानं काज नीट करावं. मला मिसरूड फुटलं होतं आणि काजं करून करून बोटांची चाळण झाली होती. घरात आम्ही थोडी दखनी, थोडी मराठी बोलायचो. पण माझ्या काजांबद्दल अब्बा नेहमी मराठीत आणि ओरडून बोलायचे, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळावं.

एका सकाळी त्यांनी नव्या डगल्या-पाटलोणींचं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं आणि पलटणीच्या लायनीत, म्हणजे शिपायांच्या बराकींत, पोचवून यायला सांगितलं. तिथला हवालदार मलकापूरचा, आमच्याच जमातीतला. मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. तो "बस" म्हणाला तरी माणूस दचकून उभा राहायचा. त्यानं वरचा डगला उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "ही बाही आखूड हाय."

"न्हाय, बराबर हाय," मी म्हणालो.

"घालून दाखीव."

मी डगला घातला. बाही बरोबर होती. पण हवालदार हट्टाचा पक्का. म्हणाला, "खाली धोतर हाय, म्हणून अंदाज येत न्हाय. पाटलोण चढीव." मी आडोशाला जाऊन पाटलोण चढवली. मग तो म्हणाला, "डोकं उघडं हाय, म्हणून खांदं उचलल्यागत दिसत्यात." आणि स्वतःच्या हातानं त्यानं माझ्या डोक्याला फेटा गुंडाळला. आता बाहीकडे बघणार, इतक्यात फाटकावरून कोणीतरी ओरडलं की मोठे साहेब तपासणीला आलेत, अगदी अचानक. हवालदाराच्या रांगेतला एक रंगरूट नेमका कुस्ती बघायला पळाला होता. हवालदारानं मला मानेला धरलं आणि त्या रिकाम्या जागेत उभं केलं. "श्वास घिऊ नगंस," एवढंच बोलला.

साहेब रांगेपुढून चालत आले. माझ्यापुढे थांबले. वरपासून खालपर्यंत बघितलं, मागं जाऊन बघितलं. मला वाटलं, आता चोर म्हणून धरतात.

"हवालदार," साहेब म्हणाले, "सगळ्या रांगेत शिपायासारखा दिसणारा हा एकच माणूस आहे. बाकीचे पोती घातल्यासारखे दिसतात."

त्यात नवल काही नव्हतं. नमुन्याचा डगला अब्बा माझ्याच अंगावर माप घेऊन कापायचे आणि बाकीचे सगळे त्याबरहुकूम. जगात तो डगला बरोबर बसेल असा माणूस मी एकटाच होतो. पण हे साहेबांना कोण सांगणार? पुढच्या तपासणीला हा पहिल्या रांगेत दिसला पाहिजे, असं बजावून ते निघून गेले.

मी फेटा सोडायला लागलो. हवालदारानं माझा हात धरला.

"कुठं निघालास?"

"घरला. मी शिंपी हाय."

"मगाशी हुतास," हवालदार म्हणाला.

दुपारपर्यंत मी घरी आलो नाही म्हणून अब्बा स्वतः आले, गळ्यात मापाची फीत तशीच घेऊन. मी मैदानात उन्हात पाय आपटत होतो. त्यांना बघितल्यावर मी डोळ्यांनी खुणावलं की मला सोडवा. अब्बा आले, माझ्याभोवती एक फेरी मारली, कॉलर चाचपली, पाठीवरची चुणी बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बापाचं काळीज हललं. ते हवालदाराला म्हणाले, "खांद्याला कसा चोपून बसलाय बघा की! एक सुरकुती दावा!"

मग दोघांचं बरंच बोलणं झालं. शेवटी अब्बा म्हणाले, "पोरगं ऱ्हाऊ द्या. पर डगला गरम पाण्यात घालू नगा, आटंल."

अशी माझी भरती झाली. खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यानंतर मलाही परत जावंसं वाटेना. पाय आपटण्यात बोटं टोचत नाहीत, हे मला फार आवडलं.

पुढे हवालदारानं विचारलं, "तुला येतं तरी काय?"

"काज येतं. तुरपाई येती. अस्तर लावतो."

"आणि?"

"इस्त्रीचं कोळसं फुंकतो."

"फुंकतोस?" त्याचे डोळे चमकले. पलटणीचा जुना बिगुलवाला दातांच्या दुखण्यानं घरी बसला होता. त्यानं कोपऱ्यातला बिगुल उचलून माझ्या हातात दिला. "घे. ह्यो बी इस्त्रीच समज."

मी शिकायला रंकाळ्याच्या काठावर जायचो. सुरुवातीला बिगुलातून जो आवाज निघे त्याला म्हशी उत्तर द्यायच्या. एक म्हैस तर रोज येऊन माझ्यापुढे उभी राहायची आणि मी थांबलो की तीच सुरू करायची. गुराखी म्हणायचा, "पावणं, तिचं बरं चाललंय. तुमचंच अजून कच्चं हाय."

शेवटी मला उठण्याचा बिगुल आला, गोळा होण्याचा आला आणि जेवणाचा आला. सलामीचा कधी धड जमला नाही. पण जेवणाचा असा जमला की विचारू नका. त्याचं कारण साधं होतं. उठण्याचा बिगुल वाजवला की लोक शिव्या द्यायचे, गोळा होण्याचा वाजवला की तोंडं पाडायचे आणि जेवणाचा वाजवला की माझ्या पाठीवर थाप मारत धावायचे. माणूस जिथं कौतुक होतं तिथं सुधारतो. पलटणीतले लोक म्हणायचे, "ह्याच्या बिगुलात रस्सा उकळतोय." त्यांना त्या सुरांची इतकी सवय लागली की बिगुल ऐकल्यावर पाय आपोआप चालू लागायचे आणि हात आपोआप ताटली शोधायचे.

माझ्या काळात आमची पलटण लढाईवर गेली नाही. पहारे दिले, कवाईत केली, दसऱ्याला मिरवलो. तरी ती वर्षं माझ्या हाडांत शिरली. मी झोपायचो तोही ताठ. जेवताना घास तोंडापर्यंत नेऊन क्षणभर थांबायचो, हुकमाची वाट बघत. सुट्टीवर घरी आलो की अम्मा म्हणायची, "असा खांबागत बसू नगंस बाबा, मला पदर घ्यावा वाटतोय."

मग अब्बांची नजर मंदावली. सुईत दोरा जाईना. त्यांनी एकदा एका सुभेदाराच्या पाटलोणीला बाही लावली आणि मला निरोप आला की आता दुकान सांभाळायला ये. मी पलटण सोडून मंगळवार पेठेत परत आलो. हवालदार माझ्या आधीच पेन्शनीत निघून मलकापूरला गेला होता.

दुकानात बसून फार दिवस झाले नव्हते, तोच हवालदार दारात उभा. मला वाटलं कापड घेऊन आलाय. त्यानं मला दुकानातून खाली रस्त्यावर बोलावलं. मी गेलो आणि सवयीनं ताठ उभा राहिलो.

"फीर," तो म्हणाला. मी फिरलो.

"दात दाव." मी दाखवले.

"खोकला, बिकला?"

"न्हाय साब."

"माझी पोरगी हाय. पसंत का?"

मी गोंधळलो. "मी तिला बघितलं न्हाय, हवालदारसाब."

"मी बघितलीया की! चांगली हाय!"

त्याच्या आवाजानं समोरच्या गल्लीतले लोक बाहेर आले. अब्बा आतून म्हणाले, "तिच्या भावांना डगलं लागत असतील तर माझी हरकत न्हाय." ठरलं.

निकाहासाठी आम्ही बैलगाड्यांतून रत्नागिरीच्या रस्त्यानं मलकापूरला गेलो. हवालदारानं आपल्या लेकीच्या लग्नाला सगळे जुने सोबती बोलावले होते. मांडवात जिकडं बघावं तिकडं पेन्शनर. पांढऱ्या मिशा, छातीवर बिल्ले आणि दोन ओळी करून बसलेले. मांडवामागं पुलावाच्या देगी चढल्या होत्या आणि वास असा सुटला होता की काझीसाहेबसुद्धा मधून मधून नाक त्या बाजूला वळवत होते.

निकाह व्हायच्या आधी हवालदाराच्या मनात आलं की वराला बिगुलाची सलामी द्यायची. पलटणीतला जावई म्हटल्यावर ती पाहिजेच. बिगुल त्यानं कुठून तरी पैदा केला होता. पण वाजवणारा कोण? सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी नवरा हाय," मी सेहऱ्यातून म्हणालो.

"मग सलामी बी तुझीच हाय," हवालदार म्हणाला. "वाजीव."

मी उभा राहिलो. तोंडावर फुलांचा सेहरा, हातात बिगुल. सलामीचा सूर आठवला, छाती भरून श्वास घेतला. श्वासाबरोबर मोगऱ्याची एक कळी तोंडात गेली आणि फुंकताना बिगुलात. नुसतं फुस्स झालं. मांडवात कोणीतरी हसलं. मी बिगुल झटकला, कळी उडाली, पण तिच्याबरोबर सलामीचा सूरही डोक्यातून उडाला. हवालदार डोळे वटारून बघत होता. मी घाबरलो आणि माझ्या ओठांना जे येत होतं ते त्यांनी वाजवलं.

जेवणाचा बिगुल मी आयुष्यात इतका सुंदर कधी वाजवला नव्हता.

पहिल्या ओळीतला एक म्हातारा उठला. त्याचे डोळे मिटलेलेच होते. मग त्याच्या शेजारचा उठला. मग दोन्ही ओळी उठल्या, वळल्या आणि पाय आपटत मांडवामागं देगीकडं निघाल्या. हवालदार ओरडला, "थांबा! निकाह व्हायचाय!" पण बिगुलाच्या वर हवालदाराचा हुकूम चालत नाही, हे त्यानंच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. आचारी हातात डाव घेऊन आडवा उभा राहिला. त्याला कोणी ढकललं नाही. दोघांनी उचलून बाजूला ठेवलं, इतकंच. मी बिगुल खाली ठेवायला पाहिजे होता. पण अर्धा सूर सोडायचा नाही, अशी शिस्त होती, म्हणून मी शेवटपर्यंत वाजवला. तोवर झाकणं उघडली होती.

त्या गोंधळात बायकांच्या पडद्यामागून एक करकरीत आवाज आला. "अगं, कोण हाय त्यो पिपाणी वाजिवणारा?"

कोणीतरी बारीक आवाजात सांगितलं, "तुझा नवरा."

मग ती इतकी हसली की तिच्या हसण्यानं सगळ्या बायका हसायला लागल्या. निकाहात नवरीच्या वतीनं बोलणारे वकील तिची कबुली विचारायला आत गेले, ते उपरण्यात तोंड खुपसून बाहेर आले. म्हणाले, "व्हय म्हणतीया. पर आधी पुलाव शिल्लक ऱ्हायलाय का त्ये बघा, म्हणतीया."

मग काझीसाहेब माझ्याकडं वळले आणि गंभीरपणानं विचारलं, "कबूल?" इतक्या मोठ्या माणसानं थेट विचारल्यावर मी ताडकन उठलो, टाच आपटली आणि ओरडलो, "हाजिर, साब!"

"हाजिर हायेस त्ये दिसतंय मला," काझीसाहेब म्हणाले. "कबूल हाय का?"

ते बोलताना हवालदारानं हळूच माझा डगला ओढून मला खाली बसवलं. निकाह झाला. वऱ्हाडातल्या अर्ध्या लोकांना भाकरी आणि ठेचा मिळाला. मलकापुरात अजून त्या लग्नाला "बिगुलाचं लग्न" म्हणतात.

दुकान मात्र चांगलं चालेना. म्हणजे लोक यायचे, कापड द्यायचे, डगले घेऊन जायचे आणि मग तोंड वाकडं करून परत यायचे. मला कळेना. माप मी इतक्या काटेकोरपणे घ्यायचो! गिऱ्हाईक आलं की आधी ओरडायचो, "टेन्शन!" पलटणीत सावधानला आम्ही तसंच म्हणायचो. मंगळवार पेठेतला माणूस दचकून ताठ व्हायचा, पोट आत, छाती बाहेर, हनुवटी वर. तसा उभा असतानाच मी फीत लावायचो. त्यामुळे झालं असं की माझे डगले माणूस ताठ उभा असला तरच बसायचे. बसलं की पाठीत दाटायचे, वाकलं की काखेत उसवायचे, जेवलं की बटणं जायची. आमच्या गल्लीत नव्या डगल्यातला माणूस लांबूनच ओळखू यायचा. तो कवाईत केल्यासारखा चालायचा आणि कोणी "बसा की" म्हटलं की घाईत आहे म्हणून निघून जायचा.

नव्या व्यापारी पेठेतला एक गुळाचा अडत्या होता, पोटानं थोर. त्यानं दसऱ्यासाठी रेशमी डगला शिवून घेतला. माझ्या "टेन्शन"ला त्यानं पोट असं आत घेतलं की ते कुठं गेलं ते मलाही कळलं नाही. दसऱ्याच्या गर्दीत तो दिवसभर श्वास धरून उभा होता. महाराजांची स्वारी पुढून निघाली तेव्हा तो मुजऱ्याला वाकला. सगळी बटणं एकदम सुटली. एक बटण पुढच्या माणसाच्या कानफटात बसलं. त्याला वाटलं कोणी मारलं, म्हणून त्यानं वळून भलत्याच माणसाची कॉलर धरली. नशीब, स्वारी तोवर पुढं गेली होती. अडत्या दुसऱ्या दिवशी दुकानात आला तो डगला हातात घेऊनच.

"ह्यो डगला कुणासाठी शिवलास?" त्यानं विचारलं. "माझ्यासाठी तर न्हाय. मी जेवतो, बसतो, शिंकतो."

मी काही बोलणार, इतक्यात बायको आतून दारापर्यंत आली. ती कधी गिऱ्हाइकापुढं यायची नाही. दाराच्या आडून म्हणाली, "भाऊ, जरा बसा की. दमला आसाल." आणि माझ्या हातात गूळ-शेंगदाण्यांची ताटली दिली. अडत्या बसला. त्यानं शेंगदाणे खाल्ले, आमच्या गुळाला नावं ठेवली, माझ्या दसऱ्याच्या डगल्याला पुन्हा नावं ठेवली आणि बोलता बोलता ऐसपैस झाला. पोट हळूहळू मूळ जागी आलं. बायको आडून कुजबुजली, "आता! आता घ्या माप!"

"बसल्याव माप?"

"अवो, माणसाचं घ्या. शिपायाचं किती दिस घेणार?"

मी बसल्याजागी फीत लावली. अडत्या इतका बोलत होता की त्याला कळलंही नाही. त्या मापाचा नवा डगला त्याला असा बसला की त्यानं पुढं आपल्या सगळ्या व्यापारी सोबत्यांना माझ्याकडं धाडलं. तेव्हापासून दुकानात "टेन्शन" बंद. गिऱ्हाईक आलं की आधी बसवायचं, शेंगदाणे द्यायचे आणि गप्पांत तो विरघळला की माप घ्यायचं. काहींना विरघळायला फार वेळ लागायचा. एक मास्तर तर तीन वेळा शेंगदाणे खाऊन गेला आणि शेवटपर्यंत ताठच राहिला. त्याला मी तसाच डगला शिवला. तो खूश झाला.

खरी पंचाईत झाली सासऱ्याची. ईदला त्याला नवा डगला पाहिजे होता. रमजान लागायच्या आधीच मलकापूरहून आला आणि दारातच ताठ उभा राहिला. "घे माप."

"बसा की, हवालदारसाब." लग्नाला वर्षं झाली तरी मी त्याला तसंच म्हणायचो.

तो बसला, तर आणखीनच ताठ. शेंगदाणे दिले, ते त्यानं एकेक मोजून, ताठ मानेनं खाल्ले. बायकोनं लहानपणीच्या गोष्टी काढल्या. तो हसला, पण हसताना फक्त मिशा हलल्या. बायको मला आत घेऊन गेली. म्हणाली, "बा झोपंतच काय तो सैल पडतोय. माझी अम्मा म्हणायची."

दुपारी मटण-भाकरी पोटभर घातली. हवालदार सोप्यात आडवा झाला. पहिल्यांदा तोही सावधानमध्येच झोपला. मग हळूहळू मिशा खाली आल्या, पोट वर आलं, एक हात जाजमावर पसरला आणि घोरणं सुरू झालं. मी फीत घेऊन गुडघ्यावर रांगत गेलो. बायको उशाशी बसून वारा घालत होती आणि पदर तोंडात कोंबून हसत होती. छाती घेतली. बाही घेतली. कंबर घ्यायला फीत पाठीखालून सरकवली, तेवढ्यात तो गरजला, "कोण हाय तिकडं?"

डोळे मिटलेलेच होते. मी जागच्या जागी थिजलो. हलकेच म्हणालो, "शिंपी हाय, साब."

"हां," तो म्हणाला. "मग चालू द्या." आणि कुशीवर वळला, फितीसकट. ती सोडवायला त्याची झोप पुरी व्हायची वाट बघावी लागली.

ईदच्या दिवशी तो डगला घालून नमाजाला गेला. परत आला तो मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून बसला. लेकीनं शिरखुर्मा दिला, तो त्यानं वाटी तोंडाला लावून प्यायला, मिशांना लागला तसा राहू दिला. मग मला म्हणाला, "पोरा, ह्यात दम घेता येतो की रं." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला पोरा म्हटलं होतं, आणि तेही हळू आवाजात.

माप त्याच्या झोपेत घेतलं हे लेकीच्या पोटात राहिलं नाही. त्याच संध्याकाळी तिनं सांगून टाकलं. हवालदार भडकला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पेन्शनरांत आपलं हसं होईल म्हणाला आणि मलकापूरला निघून गेला. आम्हाला वाटलं, आता हा माणूस आमच्याकडून रुमालसुद्धा शिवून घेणार नाही.

थंडी पडायला लागली तसा तो पुन्हा दारात उभा. एका काखेत लोकरीचं कापड होतं आणि दुसऱ्या काखेत स्वतःची उशी.